मागून खाताना

कोल्हापुरात रविवारी सकाळी मिसळ खायला गेलात तर तुमच्या पाठीमागं एक माणूस उभा असतो. ओळखीचा नसतो. त्याचा एक हात तुमच्या खुर्चीच्या पाठीवर असतो आणि डोळे तुमच्या वाटीतल्या कटावर. तुम्ही ब्रेडची शेवटची स्लाइस बुडवली की तो लांब उभ्या बायकोला खूण करतो, ये, होत आलंय. पोऱ्या एका हातानं ताटली उचलतो, दुसऱ्या हातानं फडकं मारतो आणि तोंडानं गल्ल्याकडं आकडा ओरडतो. तुम्ही हात धुऊन तिथं पोचायच्या आत तुमचा हिशोब पोचलेला असतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं. उलट कट संपायच्या आत न मागता वाटीत परत कट पडतो, याचाच आम्हाला अभिमान. मागायला लागलं तर ते कसलं हॉटेल!

गेल्या मे महिन्यात इटलीला जाऊन आल्यापासून मात्र मी त्या खुर्चीवर जरा वेगळी बसते.

आम्ही म्हणजे मी आणि हे. ह्यांची गुळाची अडत. चाळीस वर्षं मार्केट यार्डात काढली, आता दुकान मुलगा बघतो. गुळाच्या रव्याला नुसता हात लावून हे वजन सांगतात आणि कण जिभेवर ठेवून ऊस कुठल्या काठचा तेही सांगतात, असं हेच सांगतात. मी बँकेतून निवृत्त झाले. गुडघे साथ देतायत तोवर युरोप बघून घेऊ असं ठरलं, सासूबाईंना धाकट्या दिरांकडं ठेवलं, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठून तिथून विमानात बसलो. बारा दिवसांची सहल. पत्रकात सगळ्यात ठळक अक्षरांत काय होतं तर ‘रोज रात्री भारतीय जेवण’. अर्ध्या लोकांनी पैसे भरले ते हे वाक्य वाचूनच, यात मला शंका नाही.

भारतीय जेवण होतं. म्हणजे फ्लॉवर-बटाटा, पिवळी डाळ, जिरा राइस आणि स्टीलच्या भांड्यात पोहणारे दोन-दोन गुलाबजाम. बाहेर व्हेनिस असताना तळघरात बसून आम्ही ते खात होतो. आमच्या लग्नकार्यात असली डाळ वाढली असती तर वऱ्हाड परत गेलं असतं. त्यामुळं तिसऱ्या दिवशीच बसमध्ये आपापल्या डब्या उघडायला लागल्या. कुणाकडं मेतकूट, कुणाकडं शेंगदाण्याची चटणी. माझ्या पर्समध्ये आमची चटणी. आमची म्हणजे कांदा-लसूण चटणी; पुण्यामुंबईकडं तिला मसाला म्हणतात, म्हणू देत. एप्रिलमध्ये डंकावर स्वतः उभी राहून कांडून आणलेली. एवढीशी डबी, पण विमानतळावर बॅग तपासणाऱ्या मुलीनं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं गेली.

रात्रीची सोय सहल कंपनीची असली तरी दुपारचं जेवण स्वखर्चानं. त्यातच आम्ही गंडलो.

व्हेनिसला एका नामांकित चौकाच्या पाठीमागच्या गल्लीत एका हॉटेलच्या दारात उभा असलेला मुलगा हिंदीत म्हणाला, ‘नमस्ते, आइये, फॅमिली बैठिये.’ बांगलादेशचा होता बिचारा; त्या भागात हॉटेलांतून ही मुलं खूप दिसतात. परक्या मुलखात कुणी ‘आइये’ म्हटलं की पाय आपोआप आत वळतात. बरोबर इचलकरंजीचं एक जोडपं होतं. चौघं बसलो. मेनूत माशाच्या नावापुढं ८ युरो. ताजा मासा, आख्खा भाजून, आठ युरोला? हे म्हणाले, घे. एक मासा, दोन पास्ते, दोन पाण्याच्या बाटल्या. मासा छान होता, खोटं कशाला बोला. बिल आलं १३० युरोचं. म्हणजे आपले साडेअकरा हजारांच्या वर.

हे चष्मा पुसून बिल वाचायला बसले. हिशोबाची चूक काढण्यात ह्यांचा हात धरणारा यार्डात कुणी नाही. पण चूक नव्हतीच. मेनूत त्या आठाच्या पुढं बारीक अक्षरांत ‘एत्तो’ लिहिलं होतं. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा भरला ७०० ग्रॅम, त्याचे झाले ५६ युरो. प्रत्येकी ४ युरो ‘कोपेर्तो’. कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसल्याचे, ताटली-काट्याचे आणि पावाच्या टोपलीचे पैसे. ते माणशी लागतात, पाव खा नाहीतर खाऊ नका. वर १२ टक्के सेवेचे. सगळं छापलेलं होतं. आम्ही फक्त विचारलं नव्हतं.

‘बसायचे पैसे?’ हे तेवढंच म्हणाले. मग बोटीत बसेपर्यंत गप्प. मटणाच्या दुकानात काटा थरथरायचा थांबेपर्यंत पैसे न काढणारा माणूस, ज्याचं सगळं आयुष्य तराजूवर गेलं, तो वजनाच्या मापात फसला याचं दुःख साडेअकरा हजारांपेक्षा मोठं होतं. रात्री हॉटेलात दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, ‘शंभर ग्रॅमचा भाव लावून किलोचं गिऱ्हाईक कापत्यात.’ मी म्हटलं, ‘अहो, झोपा. विचारायचं होतं आपण.’ त्यावर ते म्हणाले, ‘खायला बसल्यावर भाव कुणी विचारतं व्हय?’

मला झोप लागली नाही ती या वाक्यानं. कारण ते खरंच होतं. आमच्यात खायला बसल्यावर विचारत नाहीत आणि मागत तर त्याहून नाहीत. सासूबाईंचा शब्द आहे, ‘मागून खाल्लेलं अंगी लागत न्हाई.’ लग्न होऊन आले तेव्हा पंगत उठल्यावर बायका बसायच्या. तांबडा रस्सा तळाला गेलेला, पांढऱ्यात नुसती खसखस उरलेली, आणि तरी कुणी ‘मटण आहे का गं?’ म्हणून विचारायचं नाही. आहे ते ताटात येईल. आलं नाही तर नव्हतं. कोल्हापूरच्या बायका फटकळ म्हणून प्रसिद्ध. आम्ही ‘मी गेले’ म्हणत नाही, ‘मी गेलो’ म्हणतो. लिहिताना मी ‘गेले’ लिहिते ती शाळेची सवय. बोलायला कुणाला ऐकत नाही. पण ताटावर बसलं की तोंडाला कुलूप. बँकेत तीस वर्षं लोकांकडं थकलेले हप्ते मागितले, ते चालायचं. दुसऱ्यांदा भात मागणं नाही चालायचं.

फ्लॉरेन्सला पोचलो. पत्रकात प्रत्येक ठिकाणापुढं ‘बाहेरून’ असं लिहिलेलं होतं. उफिझीचं चित्रसंग्रहालय बाहेरून, ड्युओमो हे मोठं चर्च बाहेरून. १४३६ साली पुरा झालेला तो प्रचंड घुमट आम्ही मान मोडेपर्यंत बघितला, बाहेरून. दुपारी सगळी मंडळी चामड्याच्या बाजारात शिरली. मी टूर मॅनेजरांना म्हटलं, आम्हाला दोघांना सोडा, आम्ही आमचे संध्याकाळी परस्पर हॉटेलवर येतो. ‘काकू, कुठं जाणार? जेवणाचं काय?’ म्हटलं, राजाराम महाराजांना भेटायला जाणार. जेवणाचं बघू.

कोल्हापुरात राजाराम म्हटल्यावर कोणते, असा प्रश्न पडायला हवा, पण पडत नाही. एक शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, ताराराणींचे पती. एक शाहू महाराजांचे चिरंजीव, त्यांचा जन्म १८९७चा. मी शिकले ते राजाराम कॉलेज १८८० सालचं. म्हणजे शाहूपुत्र तेव्हा जन्मलेही नव्हते. तीन वर्षं त्या कॉलेजात मी ये-जा केली, आवारात पेरू खाल्ले, पण हे कोणते राजाराम असं एकदाही कुणाला विचारलं नाही. ते मधले. १८६६ साली गादीवर आले, १८७० साली इंग्लंडला गेले. इंग्रजी उत्तम होतं. त्या प्रवासाची त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली, ती पुढं १८७२ साली छापली गेली. परत येताना फ्लॉरेन्सला दुखणं बळावलं आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या एका हॉटेलात ते गेले. वय २०. माझा नातू आत्ता एकोणीस वर्षांचा आहे, त्याला अजून दुधाची पिशवी नीट फोडता येत नाही.

बरोबरच्या माणसांपुढं प्रश्न होता दहनाचा. इटलीत तेव्हा मृतदेह जाळायची रीत नव्हती. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी, म्हणजे सगळा सरकारी कारभार तिथंच. या लोकांनी परवानगी मागितली. नदीकाठी, दोन नद्यांच्या संगमावर, आमच्या पद्धतीनं. आणि ती मिळाली. आर्नो आणि मुन्योने जिथं एक होतात तिथं त्याच रात्री चिता पेटली. बघायला गर्दी झाली होती म्हणतात; होणारच.

ट्रामनं आम्ही कॅशिने नावाच्या बागेपर्यंत गेलो. बाग कसली, नदीकाठानं लांबच लांब पसरलेलं रान आहे. तिच्या पार पश्चिम टोकाला जायचं, म्हणजे दोन-अडीच किलोमीटर चाल. गुडघ्यांनी कुरकुर केली. पोरं स्केटिंग करत होती, म्हातारे कुत्री फिरवत होते, झाडांखाली ओल होती आणि डास पंचगंगेच्या घाटावरच्या डासांना लाजवतील असे. मग एकदम ती छत्री दिसली, महाराजांच्या स्मारकाची.

नरसोबाच्या वाडीला किंवा आमच्या घाटावर दिसली असती तर वळून बघितलं नसतं. इथं चिनार-बाभळीसारख्या कुठल्याशा परक्या झाडांत ती अशी उभी होती की माझ्या घशात काहीतरी आलं. १८७४ साली बांधलेली. आराखडा मेजर मँट यांचा. याच मँटनी पुढं आमच्या न्यू पॅलेसचा आराखडा केला. म्हणजे ज्या पॅलेसला पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो, त्याचं हे थोरलं भावंड. छत्रीखाली फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला अर्धपुतळा, रंगीत, डोईला पागोटं, अंगावर दागिने, आणि चेहरा अगदी पोरसवदा. भोवती रेलिंग. जवळूनच गाड्यांचा मोठा पूल जातो, १९७८ सालचा. त्या पुलाचं नाव ‘पोन्ते आल्लिन्दियानो’. भारतीयाचा पूल. रोज हजारो लोक त्यावरून ये-जा करत असतील आणि त्यातल्या कितीजणांनी विचारलं असेल, कोणता भारतीय? मला त्यांना नावं ठेवायचा हक्क नाही. पेरू खाणारी मीच.

ह्यांनी बूट काढले. मोजेही काढले आणि ओल्या गवतात अनवाणी उभे राहिले. पळायला आलेली एक बाई जरा थबकली, मग पुढं गेली. ह्यांच्या खिशात कायम गुळाचा खडा असतो, कागदात बांधलेला. प्रवासात चक्कर आली तर म्हणून. तो काढून ह्यांनी रेलिंगच्या आतल्या दगडावर ठेवला. नमस्कार केला. बघता बघता मुंग्या आल्या. ‘इथल्या मुंग्यांना बी कळतंय कोल्हापूरचा गूळ,’ हे म्हणाले आणि पटकन खाली बसून मोजे घालायला लागले, ते बराच वेळ घालत राहिले.

भूक लागली होती. बागेच्या मध्यावर नदी ओलांडायला पायी जायचा पूल आहे. पलीकडं इसोलोत्तो नावाची वस्ती. तिथं पर्यटक नाहीत, फोटो काढण्यासारखं काही नाही. धुणं वाळत टाकलेल्या इमारती, केशकर्तनालय, औषधाचं दुकान, आणि कोपऱ्यावर एक खानावळ. तिकडं तिला ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. कुणी दारात उभं राहून ‘आइये’ म्हणत नव्हतं. दारच बंद होतं. साडेसहा वाजले होते, काचेवर लिहिलं होतं साडेसात. दुपारी अडीचला चूल विझवायची आणि रात्रीच पेटवायची, मधे कुणी मेलं तरी जेवण नाही. हे म्हणाले, ‘गिऱ्हाईक दारात उभं हाय आणि हे झोपल्यात.’ आम्ही समोरच्या बाकावर तासभर बसून राहिलो.

साडेसातला एका बाईंनी दार उघडलं. साठीच्या असाव्यात, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, हात पुसत आलेल्या. दहा-बारा टेबलं, कागदी आच्छादन. मेनू एका पानाचा, सगळा इटालियन. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. हे काय? हे वजनावर की ताटलीवर? कोपेर्तो किती? २ युरो माणशी. सेवेचे वेगळे? नाही. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, मला फोनवरचं भाषांतर. हे कानकोंडे होऊन खिडकीबाहेर बघायला लागले. ‘अगं बास की. काय म्हणतील त्या!’ त्या काहीच म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि गाईच्या मांसाच्या ओळींवर पेन्सिलीनं एकेक फुली मारत गेल्या. गावाचं सगळ्यात नावाजलेलं खाणं म्हणजे गाईच्या मांसाचा हाडासकटचा जाड तुकडा, किलो-किलोभर, आतून लाल ठेवलेला. ते आमच्या उपयोगाचं नव्हतं. फुल्या मारल्यावर जे उरलं ते आमचं जेवण.

आधी भाजलेल्या पावावर कोंबडीची कलेजी वाटून लावलेली आली. हे खूश. कलेजी म्हटल्यावर भाषा लागत नाही. बरोबर टोपलीत पाव. त्याचा तुकडा तोंडात टाकला आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. मीठ नाही. विसरले असतील म्हणून दुसरा तुकडा घेतला, त्यातही नाही. मी विचारलं. बाई म्हणाल्या, तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचा, पाव असाच. बिनमिठाचाच करतात, कारण बरोबरचं चीज, खारवलेलं मांस, सगळं खारट असतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपण जोंधळ्याच्या भाकरीत कुठं मीठ घालतो? जन्मभर बिनमिठाची भाकरी थापली आणि कधी मनात आलं नाही की ही बिनमिठाची आहे. मीठ रश्श्यात आहे, खरड्यात आहे, भाकरीला कशाला?

मग आली ‘पाप्पा आल पोमोदोरो’. खोलगट ताटलीत लालभडक गिच्चा, वर कच्चं ऑलिव्हचं तेल आणि तुळशीच्या नात्यातल्या त्यांच्या बेसिलची दोन पानं. चमच्यानं तोंडात घातलं आणि मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवून दिला, भाषांतराची गरजच नव्हती. हा कुस्करा होता. शिळ्या पावाचा कुस्करा. वाळून दगड झालेला पाव, टोमॅटो, लसूण, पाणी, आणि शिजून शिजून पावाचा पाव राहत नाही इतका वेळ. माझी आई उरलेल्या भाकरीचं करायची तेच. भाकरी कुस्करायची, लसणाची फोडणी, चटणी, पाण्याचा हबका, झाकण. ते आम्ही पाहुण्यांना कधी दिलं नाही. पाहुणे आले तर झाकून ठेवायचो. इथं ते ९ युरोला मेनूत छापून, तुळस लावून देत होते, आणि बाई ताटली ठेवताना जरा थांबल्या होत्या, आवडतंय का बघायला.

ह्यांनी पास्ता घेतला होता ‘आर्राब्याता’. मी फोनवर अर्थ बघून सांगितला होता, आर्राब्याता म्हणजे चिडलेली. तिखट म्हणून हे नाव. ह्यांचे डोळे चमकले. दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला. ‘ही चिडलेली न्हाई. रुसलेली हाय.’ माझ्या पर्सकडं बघायला लागले. डबी काढ, म्हणजे. व्हेनिसला तळघरात काढली होती, बसमध्ये काढली होती. पण इथं त्या बाईंच्या समोर मला नको वाटलं. आपल्या घरी कुणी पाहुणा येऊन ताटावर खिशातली पुडी सोडायला लागला तर? मी म्हटलं, ‘थांबा. मागते.’ आणि हात वर केला. ‘पेपेरोन्चिनो?’ शब्द फोनमधून नुकताच उचललेला. बाई आत गेल्या आणि मिरच्या बुडवलेल्या तेलाची बाटली घेऊन आल्या, लाल मिरच्या दिसत होत्या तळाशी. ‘पिकान्ते,’ त्यांनी बोट हलवून बजावलं, जपून. ह्यांनी ती पास्त्यावर अशी ओतली की त्या तिथंच उभ्या राहिल्या. पहिला घास, दुसरा, तिसरा. घाम नाही, खोकला नाही. ‘बरी हाय,’ हे म्हणाले. बाईंनी आत आवाज दिला, भटारखान्यातून एक दाढीवाला माणूस डोकावून बघून गेला.

तसं बघितलं तर त्या बाटलीतली मिरची आणि माझ्या डबीतली, दोघींचं मूळ गाव अमेरिका. टोमॅटोचंही. पाचशे वर्षांमागं यातलं काहीच ना इथं होतं ना आमच्याकडं. आता दोन्हीकडचे लोक छाती पुढं काढून म्हणतात, आमची मिरची.

कोंबडी झाली, टोमॅटोत शिजवलेला पांढरा घेवडा झाला (तोस्कानाच्या लोकांना बाकीचे इटालियन घेवडेखाऊ म्हणून चिडवतात). साडेनऊ झाले. ताटल्या उचलल्या. आणि मग काहीच होईना.

बाई आमच्या बाजूनं चारदा गेल्या. हसल्या. बिल नाही. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आमच्यानंतर आलं होतं, तेही बसलेलं. आम्ही हात गुडघ्यावर ठेवून सरळ बसलो, झाल्यासारखे. ह्यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं, दिसेल असं. दहा वाजले. ह्यांचा चेहरा बदलायला लागला. ‘बघितलंस? बिल सुद्धा द्यायला तयार न्हाईत. रंग बघून करत्यात हे.’ मला पटत नव्हतं, पण मलाही बोचायला लागलं होतं. मागं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कुणी उभं नव्हतं. टेबल फडक्यानं पुसायला पोऱ्या येत नव्हता. आपण संपलोय हे जगाला सांगणारं कुणीच नव्हतं. असा एक तास आम्ही आमच्या आयुष्यात कुठल्या हॉटेलात बसलेलो नाही. शेवटच्या अर्ध्या तासात बोलायला विषयही उरला नाही, म्हणून हे राजाराम महाराजांबद्दल बोलले. एवढं वय, म्हणाले. बरोबरच्या लोकांनी परक्या सरकारकडं जाऊन कशी मागितली असेल परवानगी. कोणत्या तोंडानं. नाही म्हटलं असतं तर?

मी हात वर केला. ‘इल कोन्तो, पेर फावोरे.’

बाईंनी पाच मिनिटांत बिल आणलं. ५१ युरो ५० सेंट. हे वाचत असताना मी विचारलंच, इतका वेळ का नाही आणलंत? त्यांना प्रश्न आधी कळला नाही. मग कळला तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले. तुम्ही मागितलं नव्हतं. मी कसं आणणार? न मागता बिल ठेवणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं. टेबल रात्रभर तुमचंच आहे.

ह्यांना मी मराठीत सांगितलं. त्यांनी बिल उलटं करून ठेवलं. जरा वेळानं म्हणाले, ‘म्हणजे त्या दोन युरोत हे बसणं बी होतं.’

निघताना बाईंनी विचारलं, या वस्तीत कसे काय आलात, इथं कुणी येत नाही. मी नदीच्या दिशेनं बोट केलं, ‘लिन्दियानो.’ त्यांना लगेच कळलं. लहानपणी शाळेची सहल तिकडं जायची म्हणे, त्या छत्रीपाशी बसून डबे खायचे. पण तो कोण, ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, आमच्या गावचा राजा. आणि दोन्ही पंजे उघडून दोनदा दाखवले, वीस. ‘वेन्ती?’ त्यांनी हात गालावर ठेवला. दाराशी आमच्याबरोबर बाहेर आल्या आणि ट्रामच्या थांब्याकडं जायचा रस्ता दाखवला. मी पर्समधून ती डबी काढून त्यांच्या हातात दिली. जपून, म्हणून बोट हलवलं. पुढं त्या चटणीचं काय झालं कोण जाणे.

परत आल्यावर महिनाभरानं एका रविवारी मिसळीला गेलो. पाठीमागं माणूस उभा होताच. ह्यांनी वळून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘बसा की हितं, सरकतो.’ तो गडबडून गेला. कट आला, न मागता. हे म्हणाले, ‘बघ, आपलंच बरं.’ मी काही बोलले नाही. आपलं बरं आहेच. पण मला एक स्लाइस हवी होती, ती मी पोऱ्याला हाक मारून मागून घेतली, आणि नंतर आणखी एक. एरवी ह्यांच्या ताटलीतली उरलेली खाऊन मी उठायचे.

त्याच संध्याकाळी घरात तीन दिवसांचा ब्रेड पडला होता. टोमॅटो होते. लसूण ठेचला, ऑलिव्हचं तेल नव्हतं म्हणून शेंगदाण्याचं घेतलं, बेसिल नव्हतं म्हणून कोथिंबीर. चटणी मुद्दाम थोडीच घातली. आपल्या स्लाइसला मुळातच जरा गोडवा असतो, त्यामुळं ते अगदी तसं झालं नाही, पण जवळ गेलं. सासूबाईंना वाटीत दिलं. वय ८४, दात नाहीत, असलं मऊ बरं पडतं. त्यांनी चमचा फिरवला. ‘हे काय, कुस्करा व्हय?’ म्हटलं, इटलीचं जेवण आहे, नऊ युरो लागतात. त्यांनी युरोबद्दल काही विचारलं नाही. सावकाश खाल्लं, वाटी बोटानं पुसून घेतली. मी भांडी आवरायला वळले होते.

‘मीठ कमी हाय गं,’ त्या म्हणाल्या, आणि वाटी पुढं केली. ‘वाढ अजून.’